बटन कोणाच्या हातात? : 'द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका' या वाद्यवृंदाचा उदय आणि अंत



आजच्या व्याख्यानाचे शीर्षक फलकावर वाचून काही जण अमेरिकेच्या राजकारणावर ऐकायला मिळेल म्हणून आले असतील. त्यांची निराशा होणार नाही, पण राजकारण जरा आडवाटेने येईल. 'द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका' हे एका वाद्यवृंदाचे, म्हणजे ज्याला आपण बँड म्हणतो त्याचे, नाव होते. १९६७ साली लॉस एंजेलिसमध्ये तो उभा राहिला, मार्च १९६८ मध्ये त्याची एकुलती एक ध्वनिमुद्रिका बाजारात आली आणि ते साल संपण्याच्या आत त्याचा मूळ संच मोडला. एवढ्या अल्पायुषी मंडळींचा इतिहास सांगण्यासारखा आहे का? आमच्या मते आहे. कारण ज्या प्रश्नावर हा संच फुटला तो प्रश्न संगीताचा नव्हता. निर्णय कोणी घ्यायचा, हा तो प्रश्न. आणि तो तर तत्त्वज्ञानाच्या घरातला फार जुना प्रश्न आहे.

आता सुरुवातीपासून बघू.

या संचाचा प्रवर्तक जोसेफ बर्ड. जन्म १९३७ चा, केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचा. बालपण ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात गेले. १९६० च्या सुमारास ते न्यूयॉर्कला आले. त्या काळचे न्यूयॉर्क म्हणजे प्रयोगशील कलावंतांचा अड्डा. रॉबर्ट रॉशेनबर्ग चित्रकलेत, मर्स कनिंगहॅम नृत्यात आणि जॉन केज संगीतात, अशी सगळी मंडळी चौकटी मोडत होती. बर्ड यांनी मॉर्टन फेल्डमन आणि जॉन केज या दोघांकडेही अध्ययन केले. पुढे 'फ्लक्सस' म्हणून ओळखल्या गेलेल्या वर्तुळात त्यांचा वावर होता.

केज यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढची सगळी गोष्ट तिथून फुटते. केज यांचे म्हणणे असे की संगीतकाराने आपली इच्छा, आपली आवडनिवड ध्वनीवर लादू नये. ध्वनीला ध्वनी म्हणून असू द्यावे. १९५१ पासून ते 'यी जिंग' या चिनी ग्रंथाच्या पद्धतीने नाणी टाकून, म्हणजे यदृच्छेने, रचना करू लागले. १९५२ साली त्यांनी ती प्रसिद्ध रचना सादर करवली जिच्यात वादक ४ मिनिटे ३३ सेकंद एकही स्वर वाजवत नाही आणि श्रोते सभागृहातले, बाहेरचे, स्वतःच्या श्वासाचे आवाज ऐकतात.

इथे आपल्याकडचा एक धागा आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. केज यांनी त्यांना पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण दिले, त्यांच्याकडून भारतीय संगीत आणि त्यामागचा विचार समजून घेतला. संगीताचे प्रयोजन काय, असे विचारल्यावर गीताबाईंनी आपल्या गुरूंचे मत सांगितले : मन शांत, स्वस्थ करणे, म्हणजे ते दैवी प्रभावाला ग्रहणक्षम होते. हे उत्तर केज आयुष्यभर सांगत राहिले. आनंद कुमारस्वामींच्या ग्रंथांतून त्यांना रससिद्धांत भेटला आणि त्यातून 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' ही रचनामाला झाली. तेव्हा कर्त्याचा अहंकार बाजूला ठेवण्याची केज यांची शिकवण काही अंशी आपल्या वाऱ्यावर वाढलेली आहे.

असे हे गुरू. आणि शिष्य? शिष्य पुढे कम्युनिस्ट पक्षात गेला. बर्ड यांनी नंतर मुलाखतींत त्याचे कारण सांगितले आहे. डाव्या चळवळीतल्या इतर गटांपाशी उत्साह होता. शिस्त, निश्चित कार्यक्रम आणि आहे त्या संस्थांमध्ये राहून काम करायची तयारी त्यांना या पक्षातच दिसली. शिस्त हा शब्द लक्षात ठेवा. एका खांद्यावर केज यांचे निरिच्छ संगीत आणि दुसऱ्या खांद्यावर पक्षाची शिस्त, असा हा माणूस होता.

१९६३ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांची डोरोथी मॉस्कोविट्झ यांच्याशी ओळख झाली. पुढे त्यांचे सहजीवनही झाले आणि ते संपलेही. मात्र संगीतातली सोबत टिकली. दोघे लॉस एंजेलिसला गेले. तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, ज्याला सगळे यूसीएलए म्हणतात, मँटल हूड यांनी १९६० च्या सुमारास मानववंशीय संगीतशास्त्राची संस्था उभी केली होती. जावाचा गॅमेलान, घानाचे ढोल, भारतीय रागसंगीत हे सगळे तिथे वाजवून शिकायचे, नुसते वाचून नव्हे, असा हूड यांचा आग्रह. पंडित रविशंकरांचे शिष्य हरिहर राव तिथे होते. डॉन एलिस या जाझ ट्रम्पेटवादकाने त्यांच्याबरोबर 'हिंदुस्तानी जाझ सेक्स्टेट' काढले. त्याच एलिस यांच्यासोबत बर्ड नव्या संगीताचे प्रयोग करत होते. गायत्री राजापूर आणि हरिहर राव यांची दक्षिण भारतीय रागांची एक ध्वनिमुद्रिका 'फोकवेज' या संस्थेने काढली, तिच्या कामात बर्ड आणि मॉस्कोविट्झ या दोघांचाही सहभाग होता. सांगायचा मुद्दा असा की ही मंडळी 'पॉप' म्हणतात त्या दुनियेतून आलेली नव्हती. विद्यापीठाच्या आवारातून आली होती.

मग विद्यापीठातला माणूस रॉक संगीताकडे का वळला? याचे उत्तर साधे आहे. प्रयोगशील संगीताच्या मैफलीला पन्नास माणसे येत, आणि तीसुद्धा एकमेकांना ओळखणारी. रॉकच्या मैफलीला हजारो येत. व्हिएतनामचे युद्ध पेटलेले होते, सक्तीची सैन्यभरती चालू होती, आणि जी तरुण मुले भरतीच्या यादीत होती तीच रॉक ऐकत होती. 'रिपब्लिक'च्या चौथ्या खंडात प्लेटो इशारा देतो की संगीताच्या रीती बदलल्या तर राज्याचे मूलभूत कायदेही हलतात. म्हणून राज्यकर्त्यांनी सावध असावे. बर्ड यांच्यासारख्यांनी प्लेटोची ही भीती आशा म्हणून वाचली. हलतात ना कायदे? मग बदलू या संगीत!

नावही त्याच हिशेबाने घेतलेले. मॉस्कोविट्झ यांनी पुढे त्याचा खुलासा केला आहे : रॉक बँडसारख्या सामान्य गोष्टीला अख्ख्या देशाचे अधिकृत नाव देणे म्हणजे सरकारी धोरणाचा निषेध, ध्वज उलटा टांगावा तसा. जाहिरातीत, तिकिटावर, रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर तेच नाव येणार. देशाच्या नावावर सरकारची मक्तेदारी नाही, हे त्यातून सांगायचे होते.

आता त्यांच्या वाद्यांकडे येऊ. या बँडमध्ये गिटार नव्हती. १९६७ साली गिटारशिवाय रॉक म्हणजे आपल्याकडे पेटी-तबल्याशिवाय भजनी मंडळ! बर्ड इलेक्ट्रिक हार्पसिकॉर्ड, ऑर्गन आणि विद्युत्-ध्वनीची यंत्रे सांभाळत. मॉस्कोविट्झ मुख्य गायिका. गॉर्डन मॅरन इलेक्ट्रिक व्हायोलिन वाजवत. रँड फोर्ब्ज यांच्या बेसला पडदे नव्हते, त्यामुळे मींडेसारखे सरकते स्वर काढता येत. क्रेग वुडसन ड्रम वाजवत आणि झांजांवर स्प्रिंगची खेळणी टांगून त्यांचे आवाज बदलून टाकत.

रॉबर्ट मूग यांचा सिंथेसायझर तेव्हा तयार झालेला होता. जून १९६७ च्या माँटेरे महोत्सवात पॉल बीव्हर आणि बर्नी क्राउस यांनी तो मांडून दाखवला आणि श्रीमंत बँडांनी तो घेतलाही. पण या मंडळींच्या खिशाला तो परवडणारा नव्हता. म्हणून रिचर्ड डरेट या अभियंत्याने बनवलेली यंत्रे त्यांनी वापरली. ती यंत्रे म्हणजे ऑसिलेटर आणि त्यांना जोडलेल्या तारा. कळफलकावर 'सा' दाबला की 'सा' येईल अशी सोय नाही. बटन फिरवायचे, कान देऊन ऐकायचे आणि हवा तो आवाज पकडायचा.

त्यांतले एक यंत्र समजून घेण्यासारखे आहे : रिंग मॉड्युलेटर. आपण तंबोऱ्यावरून सुरुवात करू. नीट जुळवलेल्या तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे स्वर आपोआप उमटतात. पाचपटीतून तो आपला स्वयंभू गंधार ऐकू येतो. हे सगळे एका कुटुंबातले, म्हणून कानाला गोड. रिंग मॉड्युलेटर काय करतो? त्याच्यात दोन ध्वनी सोडायचे. समजा एकाची कंपनसंख्या सेकंदाला ४४० आणि दुसऱ्याची १००. बाहेर येतात ५४० आणि ३४०. बेरीज आणि वजाबाकी. मूळचे ४४० आणि १०० दोन्ही गायब! आणि जे उरते ते पटीच्या नात्यात बसत नाही, म्हणून फुटक्या घंटेसारखा, धातूचा, परका आवाज येतो. मॅरन यांचे व्हायोलिन या यंत्रातून गेले की ते व्हायोलिन आहे हे ओळखूच येत नसे.

आम्हांला ही बेरीज-वजाबाकी या बँडच्या संदर्भात अनेकदा आठवते, पण उपमेचा मोह इथेच आवरतो.

कोलंबिया ही त्या काळातली अमेरिकेतली बलाढ्य रेकॉर्ड कंपनी. तिच्या डेव्हिड रुबिनसन या तरुण निर्मात्याने यांना करारबद्ध केले. आणि पहिली फूट इथेच पडली. अगदी सुरुवातीच्या संचातला एक कट्टर डाव्या विचारांचा साथीदार बाहेर पडला. भांडवलशाही कंपनीसाठी संगीत करायचे हे त्याला पटेना. बर्ड यांचे म्हणणे उलट : संस्थांच्या आत राहूनच काम करायचे. दोघेही स्वतःला क्रांतिकारक म्हणवत होते. हा वाद आपल्याला परका नाही. अनुदान घ्यावे का, प्रस्थापितांच्या व्यासपीठावर जावे का, यावर आपल्याकडच्या किती चळवळी दुभंगल्या ते इथल्या ज्येष्ठ श्रोत्यांना सांगायला नको.

१९६७ च्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या 'ॲश ग्रोव्ह' या लोकसंगीताच्या प्रसिद्ध ठिकाणी त्यांनी कार्यक्रम केले आणि डिसेंबरमध्ये ध्वनिमुद्रण झाले. रेकॉर्डवर दहा रचना आहेत. पहिली, 'द अमेरिकन मेटाफिजिकल सर्कस', सुरू होते ती एकाच वेळी अनेक सुरावटींनी. सर्कशीच्या तंबूतला वाफेचा ऑर्गन, पियानोवरचे रॅगटाइम आणि लष्करी कवायतीचे बँड एका कानातून दुसऱ्या कानात सरकत जातात. यामागे चार्ल्स आइव्ह्ज या अमेरिकन संगीतकाराची आठवण आहे. आइव्ह्ज यांचे वडील गावात दोन बँड विरुद्ध दिशांनी एकमेकांकडे चालवत आणि दोन धून एकमेकांत मिसळताना कसे वाटते ते ऐकत, अशी कथा प्रसिद्ध आहे. मग मॉस्कोविट्झ गायला लागतात. थंड, सरळ, फारसा हेलकावा नसलेला आवाज. आणि गाणे पुढे जाते तसतसा तो आवाज यंत्रातून विस्कटत जातो.

दुसऱ्या एका गीतात सुखवस्तू मध्यमवर्गीय पुरुषाच्या व्यभिचाराची टिंगल आहे. एकाच्या आरंभी चर्चमधले प्राचीन लॅटिन स्तोत्रगायन येते. एक रचना नुकत्याच मारल्या गेलेल्या चे गव्हेराला उद्देशून आहे. ऑक्टोबर १९६७ मध्ये बोलिव्हियात चे मारला गेला आणि लगेच हे त्याच्यावरचे शोकगीत. त्यात ना घोषणा, ना आवेश. एक हळुवार प्रेमगीत आहे. शेवटच्या रचनेच्या अखेरीला आधीच्या सगळ्या गाण्यांचे तुकडे कापून एकमेकांवर चढवलेले आहेत, जणू अख्खी रेकॉर्ड स्वतःलाच आठवते आहे.

६ मार्च १९६८ रोजी ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली. तो काळ बघा. जानेवारीअखेर व्हिएतनाममध्ये टेटचा हल्ला झाला होता. ३१ मार्चला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. जूनमध्ये याच लॉस एंजेलिस शहरात रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. देशाच्या नावाचा बँड आणि देश, दोघेही त्याच महिन्यांत विस्कटत होते. रेकॉर्ड 'बिलबोर्ड'च्या यादीत १८१ व्या क्रमांकापर्यंत चढली, त्याच्या वर गेली नाही.

इंग्लंडमध्ये मात्र निराळे घडले. तिथे त्याच कंपनीने 'द रॉक मशीन टर्न्स यू ऑन' नावाची नमुन्यादाखल एक स्वस्त रेकॉर्ड काढली. बॉब डिलन, लेनर्ड कोहेन, सायमन आणि गारफंकल यांच्या रांगेत यांचेही एक गाणे होते. ती विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारी होती, भरपूर खपली, आणि त्यामुळे हा बँड मायदेशापेक्षा इंग्लंडमध्ये जास्त आठवणीत राहिला.

आता फुटीकडे येऊ.

वरवर पाहिले तर नेहमीच्याच तक्रारी. दौऱ्यावर यंत्रे नीट चालत नसत. स्टुडिओत तासन्‌तास बसून जमवलेला आवाज रंगमंचावर ऐन वेळी सापडत नसे. पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्यात मतभेद रंगमंचामागच्या भांडणांपर्यंत गेले. स्वभाव जुळत नव्हते असे म्हणून इतिहासकार इथे थांबतात. आम्हांला ते पुरेसे वाटत नाही. स्वभाव तर कुठल्याच संस्थेत जुळत नाहीत, तरी काही संस्था शंभर वर्षे चालतात.

आमच्या मते या पाच-सहा माणसांमध्ये 'निर्णय कोणी घ्यायचा' याविषयी चार वेगवेगळ्या कल्पना नांदत होत्या आणि त्यांचा निवाडा कधीच झाला नाही.

पहिली कल्पना केज यांची : कोणीच निर्णय घेऊ नये, ध्वनी जाईल तसे जावे. ही कल्पना बर्ड यांना गुरूकडून मिळाली होती आणि त्या पिढीच्या सगळ्या प्रयोगशील कलेच्या हवेत होती.

दुसरी पक्षाची : ज्याला ध्येय स्पष्ट दिसते त्याने निर्णय घ्यावा, बाकीच्यांनी शिस्तीने साथ द्यावी. बर्ड यांच्या लेखी हा बँड त्यांची कल्पना, त्यांची रचना होती. बहुतेक संगीत त्यांचे होते हे खरेच. पण रेकॉर्डवर 'स्ट्रँडेड इन टाइम' ही रचना मॅरन आणि एड बोगस यांची आहे, आणि मॉस्कोविट्झ यांचे शब्द आणि चाली अनेक ठिकाणी आहेत.

तिसरी कल्पना रॉक बँडची, म्हणजे मित्रमंडळाची : सगळे वाजवतात, म्हणून सगळे ठरवतात. वादकांना अर्थातच ही जवळची वाटत होती.

आणि चौथी कंपनीची. कंपनी काही बोलून दाखवत नव्हती, पण जाणत होती की अखेर निर्णय ग्राहक घेतो. ग्राहक चेहरा ओळखतो, आवाज ओळखतो. ऑसिलेटर ओळखत नाही. म्हणून निर्मात्याची नजर स्वाभाविकपणे गायिकेकडे गेली. बर्ड यांना वाटले की आपल्या हातून संच काढून घेतला जातोय.

रूसोने 'सर्वांची इच्छा' आणि 'समष्टीची इच्छा' यांत भेद केला आहे. सर्वांची इच्छा म्हणजे प्रत्येकाला काय हवे त्याची नुसती बेरीज. समष्टीची इच्छा म्हणजे सगळ्यांच्या खऱ्या हिताची इच्छा. भेद सुंदर आहे, पण त्यात एक खड्डा आहे. समष्टीची इच्छा मलाच कळते, असे कोणी एक म्हणू लागला की बाकीच्यांचा विरोध हा विरोध राहत नाही, तो अज्ञान ठरतो. पुढाऱ्याला मग मतभेद ऐकूच येत नाहीत. त्याला फक्त बेशिस्त ऐकू येते. मोठ्या क्रांत्यांचे हे झाले आणि पाच जणांच्या बँडचेही हेच झाले.

दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. 'सगळे मिळून ठरवू' असे म्हणणाऱ्यांनी तरी कधी ठरवले का, की ठरवायचे कसे? मत मोजून? एकमत होईपर्यंत बसून? ज्याची रचना त्याचा शब्द अखेरचा, असे? काही नियमच नव्हता. नियम करणे हे त्या काळच्या तरुणांना सरकारी वाटत असे. पण नियम नसला म्हणून सत्ता नाहीशी होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते. आणि न दिसणाऱ्या सत्तेकडे दाद मागता येत नाही, भांडणच करावे लागते.

१९६८ मध्ये बर्ड बाहेर पडले आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रे त्यांच्याबरोबर गेली. जरा थांबून विचार करा. उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची असावीत असे मानणाऱ्या पक्षाचा हा माणूस. बँडच्या बाबतीत उत्पादनाची साधने म्हणजे ती यंत्रे. ती कोणाची, हे कोणी कधी विचारले नव्हते. बँड मोडल्यावर आपोआप कळले! यात बर्ड यांच्यावर अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवण्याचे कारण नाही. उलट, एवढा सजग माणूस असूनही हा प्रश्न घरात विचारायचे सुचले नाही, हेच बोलके आहे. देशाचे संविधान कसे असावे यावर त्यांची मते पक्की होती. पाच जणांचे संविधान मात्र कोणी लिहिले नाही.

यानंतरची हकीगत ऐकण्यासारखी आहे. यंत्रे गेल्यावर मॉस्कोविट्झ यांनी टॉम ओबरहाइम यांना विचारले, आम्हांला रिंग मॉड्युलेटर बनवून द्याल का? ओबरहाइम यूसीएलएमध्ये भौतिकशास्त्र शिकलेले, या बँडसाठी त्यांनी आधी ॲम्प्लिफायर बनवला होता. त्यांनी हॅराल्ड बोडे यांचा एक तांत्रिक लेख शोधून काढला आणि यंत्र बनवले. नंतर डॉन एलिस यांनाही तसेच हवे झाले. मग आणखी मागण्या आल्या आणि 'माएस्ट्रो' या नावाने ते यंत्र दुकानांत विकले जाऊ लागले. ओबरहाइम यांनी १९६९ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि १९७० च्या दशकात एका वेळी अनेक स्वर वाजवणारे त्यांचे सिंथेसायझर जगभर गेले. म्हणजे एका फुटीमुळे रिकाम्या झालेल्या जागेतून एक उद्योग उभा राहिला, आणि त्यातून हजारो वादकांच्या हातात ती साधने आली. बर्ड यांना जे राजकारणातून हवे होते, साधने सर्वांच्या हाती, ते थोड्या प्रमाणात त्यांच्या जाण्याने झाले. हेगेलच्या विद्यार्थ्यांना यात इतिहासाची चतुराई दिसेल.

कंपनीचे काय झाले? त्याच कोलंबियाने ऑक्टोबर १९६८ मध्ये 'स्विच्ड-ऑन बाख' काढली. वेंडी कार्लोस यांनी मूगवर वाजवलेले बाखचे संगीत. तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या. यंत्र तशाच जातीचे, पण त्यात ना चे, ना व्हिएतनाम. आणि त्याच सुमारास त्याच कंपनीने तरुणांसाठी जाहिरात केली, जिचा आशय असा की सत्ताधारी आपले संगीत मोडून काढू शकत नाहीत. बंड विकता येते हे कंपनीला कळले होते. बाहेर पडलेल्या त्या पहिल्या साथीदाराला हसू आले असेल.

माणसांचे म्हणाल तर कोणाचेच वाया गेले नाही. बर्ड यांनी १९६९ मध्ये 'फील्ड हिप्पीज' या नव्या संचासह एक रेकॉर्ड केली, पुढे राय कूडर यांच्या 'जाझ' या १९७८ च्या रेकॉर्डवर काम केले, नंतर उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका महाविद्यालयात शिकवले. मॉस्कोविट्झ काही काळ कंट्री जो मॅकडोनल्ड यांच्या संचात होत्या, नंतर मुलांच्या संगीतात रमल्या. २०२३ साली, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी 'युनायटेड स्टेट्स ऑफ अल्केमी' या नावाखाली नवी रेकॉर्ड काढली! वुडसन आफ्रिकी तालवाद्यांचे अभ्यासक झाले. आणि ती विस्मृतीत गेलेली रेकॉर्ड तीस वर्षांनी इंग्लंडमधल्या तरुणांनी पुन्हा ऐकली. बर्मिंगहॅमच्या 'ब्रॉडकास्ट' या बँडने तिचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. ब्रिस्टलच्या 'पोर्टिसहेड'चे १९९७ मधले एक गाणे तर तिच्या पहिल्याच रचनेच्या वळणावर बेतलेले आहे.

मग हा प्रयोग फसला म्हणायचे का? संगीत म्हणून मुळीच नाही. एका रेकॉर्डने अर्धशतकानंतरही कान बांधून ठेवावेत, हे थोडे नव्हे. संघटना म्हणून मात्र फसला, आणि फसला तो ध्येय चुकीचे होते म्हणून नव्हे. आपल्याकडे नाटकमंडळ्या, वाचनालये, पुरोगामी गट, अभ्यासमंडळे मोडतात तेव्हा आपण म्हणतो : माणसे वाईट होती, किंवा अहंकार आडवा आला. अहंकार असणारच. तो गृहीत धरूनच नियम करायचे असतात. ज्या संघटनेत पहिल्या दिवशी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरतात — शेवटचा शब्द कोणाचा, साधने कोणाची, आणि सोडून जाणाऱ्याने काय न्यायचे, काय ठेवायचे — तिथेही भांडणे होतात. पण ती भांडणे कामाविषयी होतात, मालकीविषयी नाही. तुम्ही एखादी संस्था काढणार असाल तर घोषणापत्र सावकाश लिहा, हे तीन प्रश्न आधी सोडवा.

आणि घरी गेल्यावर ती रेकॉर्ड ऐका. हल्ली ती सहज मिळते. सुरुवातीला गोंधळ वाटेल, तेवढा सोसा. मग मॉस्कोविट्झ यांचा आवाज येईल.

 आता प्रश्न घेऊ.